गुरुवारचे माप

पिंपळे गुरवच्या ज्या गल्लीत साहेबराव ओव्हाळ राहतात, तेथे कोणाच्या घरी नवे कपाट किंवा फ्रिज यायचा असला की आधी साहेबरावांना बोलावणे जाते. जिन्याच्या वळणावर वस्तू अडकेल की निघेल, हे ते पट्टी लावून सांगतात आणि ते सांगतात तसेच घडते. वरच्या मजल्यावरच्या बबनरावांनी एकदा त्यांचे न ऐकता सोफा आणला. तो सोफा तीन दिवस जिन्यात अडकून होता. ये-जा करणारा प्रत्येक जण त्याच्यावरून चढून जाताना न चुकता म्हणे, "साहेबरावांनी सांगितलं होतं."

हा लौकिक काही उगाच मिळालेला नव्हता. आकुर्डीकडच्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची तेहेतीस वर्षे गेली होती. मशीनवरून सुटा भाग आला की तो पुसायचा, निवू द्यायचा, काळ्या दगडाच्या गुळगुळीत लादीवर ठेवायचा आणि मगच मोजायचा, तोही तीनदा. तिन्ही मापे जुळली तर हिरवी चिठ्ठी. न जुळली तर लाल. निवृत्त होऊन आठ वर्षे लोटली तरी ही शिस्त त्यांच्या हातातून गेली नव्हती. भाजीवाल्याने दिलेल्या पडवळाचेसुद्धा ते मनातल्या मनात माप घेत, असे त्यांच्या पत्नी चतुराबाई म्हणत असत.

चतुराबाई ब्लाउज शिवत. चाळीत होत्या तेव्हापासून शिवत होत्या, आणि आता पहिल्या गिऱ्हाइकांच्या नातसुनाही त्यांच्याकडूनच शिवून नेत. घरात मोजणारी दोन माणसे होती खरी, पण दोघांनी एकमेकांच्या मापात कधी लक्ष घातले नव्हते. साहेबरावांच्या मते कपड्याचे माप हे माप नव्हेच. त्यात बोटभर इकडेतिकडे चालते. चतुराबाई यावर सुईत दोरा ओवत राहत.

त्यांची धाकटी मुलगी दीक्षा चाकणला प्रज्वल नावाच्या तरुण उद्योजकाच्या कार्यशाळेत नकाशे काढण्याच्या नोकरीला होती. ओतीव लोखंडाचे भाग करण्याआधी त्यांचे हुबेहूब लाकडी नमुने करावे लागतात. ते नमुने या कार्यशाळेत तयार होत. दीक्षाची जागा वरच्या मजल्यावर, संगणकासमोर होती. खाली कारागीर घासणीच्या मशीनने लाकूड गुळगुळीत करत. उडणारी धूळ ओढून घेण्यासाठी त्या मशीनला एक लांब, वळ्यावळ्यांची काळी नळी जोडलेली होती आणि तिच्या सोबतीला विजेची वायर. सगळे दुखणे या दोघींचे होते. नळीच्या वळ्या लाकडाच्या कोपऱ्यात अडकत, वायर तिसरीकडेच अटकून बसे. एक दिवस नळीच्या हिसक्याने पुरा झालेला नमुना टेबलावरून खाली आला आणि त्याचा कानासारखा बाहेर आलेला भाग तुटला. बारा दिवसांचे काम गेले.

"याला कापडाची खोळ घालतात म्हणे परदेशात," प्रज्वल म्हणाला. "मागवायची तर महिना लागेल."

"कशाला मागवता, सर?" दीक्षा म्हणाली. "आमच्या घरी एक मोजतं, एक शिवतं."

अशा रीतीने निवृत्तीनंतर आठ वर्षांनी साहेबरावांकडे पुन्हा मोजण्याचे काम आले. त्या संध्याकाळी त्यांनी पोलादी पट्टीला तेलाचा हात फिरवला, वही काढली, पेन्सिलीला टोक केले. चतुराबाईंनी कापडाचा प्रश्न एका वाक्यात सोडवला.

"ट्रंकेतले तुमचे कंपनीचे कपडे काढते. सहा जोड हायत. कापड घट्ट हाय आन् घसरतंयबी."

"ते कपडे?"

"मग काय, परत कामाला बोलवणार हायत का तुमाला?"

एक जोड मात्र साहेबरावांनी बाजूला काढून कपाटात ठेवला.

चाकण-भोसरीच्या या पट्ट्यात रविवार नुसता नावाला असतो. खरी सुट्टी गुरुवारची. विजेच्या सोयीसाठी केव्हातरी ठरलेला हा वार आता इथल्या माणसांच्या अंगवळणी पडला आहे. मुलीला पाहायला जायचे गुरुवारी, दाढ काढायची गुरुवारी, छपराची गळती पाहायला माणूस बोलवायचा तोही गुरुवारीच. त्यातून प्रज्वलचा एक नियम होता: मशिने चालू असताना बाहेरच्या माणसाने खाली पाऊल टाकायचे नाही. तेव्हा माप घेण्याचा दिवस कोणी ठरवावा लागला नाही. दीक्षाने वडिलांना स्कूटरवर मागे बसवले आणि सुट्टीच्या मोकळ्या रस्त्याने ती दोघे चाकणला गेली.

शाळा सुटल्यावर वर्ग असतो तशी कार्यशाळा शांत होती. नळी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली होती. साहेबरावांनी ती उतरवली, स्वच्छ पुसली, जमिनीवर सरळ रेषेत ठेवली आणि तीनदा मोजली. तिन्ही वेळा साडेतीन हजार मिलिमीटर. मग वायर मोजली; पाच हजार दोनशे. वहीत दोन्ही आकडे लिहून त्यांनी खाली सही केली. वास्तविक सहीची काही गरज नव्हती.

पुढच्या गुरुवारी दोन्ही खोळी चढवल्या. निळ्या कापडाच्या त्या लांबलचक बोगद्यातून नळी ओढताना बापलेकीला घाम फुटला, पण खोळ अशी बसली की टाचणी मावू नये. दोन्ही टोकांना चतुराबाईंनी नाडी घातली होती. ती आवळली आणि काम संपले. मधोमध, जेथे पूर्वी शर्टाचा खिसा होता, तेथे कापड जरा अधिक गडद दिसत होते. साहेबराव त्या जागेकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पास."

शुक्रवारी दुपारी दीक्षाचा फोन आला.

"पप्पा, विक्की म्हणतोय, पाइपचं कव्हर फूटभर लांब झालंय. हाताशी गोळा होतंय, त्याला मशीन नीट धरता येत नाही."

विक्की हा घासणीच्या मशीनवरचा कारागीर. हात सोन्याचा आणि जीभ तिखट, असे त्याच्याबद्दल सांगत.

"लांब?" साहेबराव म्हणाले. "काल तू होतीस ना? टाचणी मावत नव्हती."

"होते ना. पण तो तसं म्हणतोय."

"त्याला सांग, नाडी सैल केली असेल. आवळ."

"आवळलीय, पप्पा. मी वरून फोटो मागवलाय, पाठवते."

फोटोत विक्कीचा हात होता, हातात मशीन होते आणि मनगटाजवळ निळ्या कापडाचा गोळा जमला होता. साहेबरावांनी चष्मा पुसून पाहिला, चष्मा काढूनही पाहिला. गोळा होताच. वहीतला आकडा त्यांनी पुन्हा वाचला. साडेतीन हजार. खाली सही.

तिसऱ्या गुरुवारी ते स्वतः गेले. नळी खुंटीवर होती आणि खोळ तिच्यावर कातडीसारखी ताणून बसलेली होती. कोठे सुरकुती नाही. त्यांनी दीक्षाला जवळ बोलावून दाखवले.

"कुठंय लांब?"

दीक्षा खाली वाकली, उभी राहिली, पुन्हा वाकली. "आत्ता तर नाहीये."

"विक्की थट्टा करतो का माझी?"

"नाही हो, पप्पा. तो तुम्हाला ओळखतही नाही, तो कशाला थट्टा करेल?"

शुक्रवारी पुन्हा तीच तक्रार आली. या खेपेस विक्कीने निरोप धाडला होता तो असा: "काकांना म्हणावं, एक तर कव्हर कापा, नाही तर माझा हात लांब करा." शनिवारी दीक्षा खोळ घरी घेऊन आली. जेथून कापायची तेथे विक्कीने खडूची रेघ मारून दिली होती. साहेबरावांनी मोजले. तीनशे वीस मिलिमीटर. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडून इतकी मोठी चूक झाली असती, तर लाल चिठ्ठी भागाला न लागता त्यांच्याच शर्टाला लागली असती. चतुराबाईंनी रेघेवर कापले, काठ दुमडला, नाडी पुन्हा ओवली. कापलेला तुकडा मात्र फेकला नाही. त्यांच्या हातून कापड कधीच फेकले जात नसे.

चौथ्या गुरुवारी साहेबराव खोळ चढवायला गेले, आणि ती आखूड पडली.

नळीचे टोक एक फूटभर उघडे राहिले. धुवून आटलेल्या पायजम्यातून नडगी दिसावी तसे ते दिसत होते. साहेबराव तेथल्याच एका स्टुलावर बसले. दीक्षा पाणी आणायला गेली होती, ती येईपर्यंत त्यांनी नळी मोजली. साडेतीन हजार. खोळ मोजली. तीन हजार एकशे ऐंशी. म्हणजे पहिली खोळच बरोबर होती. मग ती लांब कशी झाली? आणि लांब झाली होती तर आज आखूड कशी?

त्यांनी खोळ काढून घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "जरा काम राहिलंय," एवढेच ते दीक्षाला म्हणाले. त्याच संध्याकाळी चतुराबाईंनी कापलेला तुकडा पुन्हा जोडून दिला. जोडताना त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. शुक्रवारी सकाळी दीक्षा खोळ घेऊन गेली, आणि साडेदहाला तिचा फोन आला.

"पप्पा, परत लांब!"

त्या दिवसापासून साहेबरावांना घरातील कशाचीच खात्री वाटेनाशी झाली. त्यांनी दार मोजले. दहा वर्षांपूर्वीचे माप वहीत होते, ते जुळले. पलंग, फरशी, खिडकीच्या गजांतली अंतरे, सर्व काही जुळले. पट्टीत दोष असेल म्हणून त्यांनी ती जुन्या फूटपट्टीशी ताडून पाहिली. रेषेला रेष मिळाली. तपासणी विभागातला धडा त्यांना पाठ होता: माप चुकले तर आधी वस्तू पाहा, मग उपकरण पाहा, आणि दोन्ही ठीक असतील तर मोजणाऱ्याला सुट्टी देऊन घरी पाठवा. ते तर घरीच होते.

या विचाराच्या मागे दुसरा एक विचार दडलेला होता आणि त्याला नाव होते. उद्धवराव, त्यांचे थोरले भाऊ.

उद्धवराव थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या बाजूला मुलाकडे राहत. एका कारखान्याच्या हत्यारखान्यात त्यांची हयात गेली होती. तेथे नियम असा, की कामगाराने हत्यार मागितले की आधी आपल्या नावाचे पितळी टोकन द्यायचे. ते खिळ्याला अडकवायचे आणि मग हत्यार द्यायचे. एकूण एक हत्यार कोणाकडे आहे हे उद्धवरावांना खिळ्यांकडे न पाहता सांगता येई. मग चार वर्षांपूर्वी त्यांचे आकडे हलू लागले. प्रथम जिन्याच्या पायऱ्या. "साहेबा, काल सतरा होत्या, आज सोळाच भरल्या," असे ते एकदा म्हणाले होते आणि दोघे भाऊ हसले होते.

साहेबराव रविवारी विहारातून परतताना वाट वाकडी करून भावाकडे गेले. सुनेने चहा आणला. उद्धवरावांनी कप हातात घेतला, तो भावापुढे केला आणि अर्ध्यात थांबले.

"टोकन?"

"दादा, मी साहेबा."

"ते असू दे. टोकन टाक, मग कप ने. नियम सगळ्यांना सारखा."

साहेबरावांनी खिशातून एक रुपयाचे नाणे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. उद्धवरावांनी ते निरखून पाहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडराच्या खिळ्याला अडकवण्याचा प्रयत्न केला. नाणे खाली पडले आणि पलंगाखाली घरंगळत गेले. सून ते काढायला वाकली. साहेबरावांनी चहा तसाच ठेवला. एक दिवस पायऱ्या कमी भरतात. एक दिवस खोळ लांब होते. यांत फरक तो कोणता?

त्याच आठवड्यात त्यांनी कोणाला न सांगता मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नाव नोंदवले. भावाला दाखवायला ते स्वतः त्याच डॉक्टरांकडे गेले होते, त्यामुळे तेथे काय विचारतात हे त्यांना ठाऊक होते: आजचा वार, पाच वस्तूंची नावे आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली येणे. त्यांनी सराव सुरू केला. घर लहान, सरावाला जागा एकच, न्हाणीघर.

"शंभर... त्र्याण्णव... शहाऐंशी... एकोणऐंशी..."

तिसऱ्या दिवशी ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर दारातच चतुराबाई उभ्या होत्या. एका हातात तपासणीच्या नोंदणीची चिठ्ठी होती, दुसऱ्या हातात वही.

"बहात्तर, पासष्ट," त्या म्हणाल्या. "पुढचं मलाबी पाठ झालं. आता सांगा, काय चाललंय?"

"काही नाही."

"शर्टाच्या खिशात चिठ्ठी हाय डोक्याच्या डॉक्टरची. वहीत नळीचं माप धा वेळा लिवलंय आन् खाली बारीक अक्षरात लिवलंय, उद्धवदादांच्या पायऱ्या. हे काही नाही व्हय?"

साहेबराव टॉवेलासह खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळे सांगितले. एरवी त्यांचे बोलणे क्रमवार असे. आज गुरुवार आणि शुक्रवार यांची सरमिसळ होत होती. आखूड कधी झाली हे लांब कधी झाली याच्या आधी येत होते. शेवटी ते म्हणाले, "वस्तू ठीक आहे. पट्टी ठीक आहे. मग राहिलं कोण?"

चतुराबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी वही उघडली.

"वायरीच्या खोळीचं काय झालं?"

"तिचं काय व्हायचंय? ती बरोबर आहे."

"गुरुवारी?"

"गुरुवारीही."

"आन् शुक्रवारी?"

"तिची तक्रारच नाही कधी आली."

"म्हंजे एकाच दिवशी, एकाच पट्टीनं, एकाच माणसानं दोन मापं घेतली. त्यातलं एक रोज बरोबर भरतंय." त्यांनी वही मिटली. "मग तुमचं डोकं काय निस्तं नळीपुरतंच बिघडलंय?"

हा प्रश्न साहेबरावांना स्वतःला सुचायला हवा होता. तो सुचला नाही हेही लक्षण आहे की काय, असे त्यांच्या मनात आलेच.

"नळीचं माप घेताना ती काय करत होती?" चतुराबाईंनी विचारले.

"नळी काय करणार? पडली होती."

"मशीन बंद?"

"गुरुवार होता, चतुरा. सगळा पट्टा बंद."

चतुराबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या ओठांची एक कड जराशी उचलली गेली. "मी ब्लाउजचं माप घेते तवा बाईशी बोलत का असते, सांगा बघू."

"तुला बोलायची सवय आहे."

"हां, सवय! आवो, टेप अंगाला लागली की बाई श्वास आत वढून घेती. पोट आत, छाती ताठ. त्या मापानं शिवलं तर घरी जाऊन पहिल्या शिंकेला हुक तुटतोय. म्हणून मी इचारते, सून कशी हाय? मग ती बोलाया लागती. बोलाया लागली की श्वास सोडती, आन् मी माप घेते." त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. "ती नळी दिवसभर श्वासच वढती ना? तुमी तिचं माप झोपेत घेतलंय."

नळी प्लास्टिकची आहे, तिच्यात तार आहे, नळी म्हणजे काही बाई नव्हे, असे पुष्कळ मुद्दे साहेबरावांजवळ होते. अखेरीस ते एवढेच म्हणाले, "वस्तू स्थिर असतानाच मोजायची असते. नियमच तसा आहे."

"तुमचा नियम तुमच्यापाशी. सोमवारी जाऊ."

दीक्षाने प्रज्वलची परवानगी काढली. सोमवारी नवरा-बायको भोसरीहून बस धरून चाकणला पोचले. कामाच्या दिवशी ती जागा साहेबरावांना ओळखू येईना. गोंगाट, लाकडाचा गोड वास, हवेत पिठासारखी धूळ. प्रज्वलने दोघांना कानात घालायला बोंडे दिली. "काकू, पदर खोचून घ्या," तो म्हणाला. "नियम मोडतोय मी तुमच्यासाठी."

विक्की तिशीचा, लुकडा, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याने साहेबरावांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हेच काका का? काय राव, काका, शर्ट तुमचाच ना हा? सारखी माझी बाही धरून ओढतोय!"

"तू मशीन चालू कर," साहेबराव म्हणाले.

विक्कीने नळीची खोळ काढून ठेवली होती. नळी टेबलावर आडवी पसरली होती आणि साहेबरावांनी तिच्या शेजारी पट्टी लावून धरली होती. साडेतीन हजार. विक्कीने घासणीचे मशीन लाकडावर टेकवले आणि बटण दाबले.

नळी आकसली.

कोणी बोट लावल्यावर गोगलगाय अंग चोरते तशी ती आपल्या वळ्या एकमेकींना चिकटवत आखडली आणि तिचे टोक पट्टीवरून सरकत मागे गेले. साहेबरावांच्या डोळ्यांदेखत तीन हजार चारशे गेले, तीनशे गेले, दोनशे गेले. मग ती थरथरत थांबली. त्यांनी वाकून वाचले, आणखी वाकून वाचले. तीन हजार एकशे ऐंशी.

"बंद!" ते ओरडले.

नळी सैलावली आणि परत साडेतीन हजारांवर आली.

"चालू!"

एकशे ऐंशी.

"बंद! चालू!"

"काका, मशीन आहे, पाळणा नाही," विक्की ओरडून म्हणाला.

तीनदा मोजून झाले. तिन्ही वेळा तेच माप. साहेबरावांनी कानातली बोंडे काढली. हसावे की रागवावे हे त्यांना समजत नव्हते.

"ही आकसते हे तुला माहीत होतं?"

"रोजच आकसते की."

"मग सांगितलं का नाहीस?"

विक्की खरोखर गोंधळला. "तुम्ही इचारलंच नाही. मला वाटलं, तुम्ही एवढ्या मोठ्या कंपनीतले, तुम्हाला माहीत असेल. आणि काका, आपली गाठ कधी पडली? तुम्ही गुरुवारचे माणूस, आम्ही शुक्रवार ते बुधवारचे."

"मग आता कोणत्या मापाची शिवायची?" प्रज्वलने विचारले. "लांब शिवली तर चालू असताना गोळा होते, आखूड शिवली तर बंद असताना उघडी पडते."

साहेबराव वही उघडून उभे राहिले. दोन आकडे होते, दोन्ही खरे होते. एका वस्तूची दोन खरी मापे असणे हे त्यांच्या वहीत बसत नव्हते. एका ओळीत एकच रकाना होता.

चतुराबाईंनी तोवर खोळ उचलून नळीवर चढवायला घेतली होती. हाताकडच्या टोकाची नाडी त्यांनी करकचून आवळली. धूळ ओढणाऱ्या यंत्राकडच्या, म्हणजे जमिनीकडच्या टोकाची नाडी मात्र सोडून दिली.

"लांबच राहू दे," त्या म्हणाल्या. "जादा कापड गोळा व्हायचंय तर पायाशी होऊ दे. चुडीदाराच्या चुण्या घोट्यापाशी असत्यात, कुणी मनगटावर घालतं का? लाव रे बटण."

विक्कीने मशीन चालू केले. नळी आकसली, निळे कापड हातापासून सरकत गेले आणि यंत्राच्या तोंडापाशी चुण्या घालून बसले. विक्कीने मशीन लाकडावरून फिरवले, कोपऱ्यावरून नेले, परत आणले. काहीही अडकले नाही. त्याने दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला आणि चतुराबाईंनी मान डोलावली. एवढ्यावरच बायकोचे समाधान झालेले पाहून साहेबरावांना थोडा हेवा वाटला.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. मोशीपर्यंत साहेबराव अगदी सुखात होते. त्यांनी वहीत "मशीन चालू असताना" असा नवा रकाना आखला, बस हलत असतानाही रेघ सरळ काढली. मग पेन्सिल थांबली.

"चतुरा."

"काय?"

"तेहेतीस वर्षं मी प्रत्येक भाग निववून मोजला. थंड, पुसलेला, लादीवर. इंजिनात गेल्यावर तो तापणार, फिरणार. तेव्हा त्याचं माप काय होत असेल, हे मी कधी पाहिलंच नाही."

"गाड्या चालल्या ना?"

"चालल्या."

"मग?"

वरिष्ठांनी ते सगळे आधीच हिशेबात धरले असणार, असे त्यांनी स्वतःला सांगितले. पण कोण जाणे, त्यांनीही ते एखाद्या गुरुवारीच धरले असेल, असेही वाटून गेले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढली. तारीख परवाची होती. तिची चौपदरी घडी करून ते ती खिडकीबाहेर टाकणार, इतक्यात चतुराबाईंनी हात धरला.

"हे काय?"

"आता काय गरज? नळीच आकसत होती."

"नळी आकसत होती, ते खरं. पण मागच्या महिन्यात गॅस दोनदा चालू राहिला, तवा नळी कुठं होती?"

साहेबरावांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना दुसरी वेळ आठवत नव्हती. पहिली आठवत होती; दुसरी ती उगाच सांगते आहे की खरेच झाली होती, हे त्यांना ठरवता येईना. बाहेर एका कंपनीच्या फाटकातून पहिली पाळी सुटत होती आणि माणसे एकाच रंगाच्या शर्टात रस्ता ओलांडत होती.

"जाऊ," ते अखेर म्हणाले. "पण तिथे शंभरातून सात वजा करायला सांगतात. मी तयारी केली आहे. पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न..."

"तेच नका करू." चतुराबाईंनी चिठ्ठीची घडी उलगडली, मांडीवर तळहाताने सपाट केली आणि आपल्या पिशवीत, टेप आणि कात्रीच्या मध्ये ठेवली. "पाठ करून जायचं न्हाई. मी येते संगं, तिथंबी बोलत बसते. माप द्यायला गेलं की पोट आत वढून बसू नये."

साहेबरावांनी मान डोलावली. मग बस भोसरीच्या वळणावर येईपर्यंत ते सरळ बसून राहिले, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आले की आपण श्वास धरून ठेवला आहे.